खुनाचं कारण कोण सांगतंय?

सोलापुरात एखाद्या तरुण विवाहितेचा खून झाला की पोलिसांचा पंचनामा पुरा व्हायच्या आत शहराचा निकाल लागलेला असतो. प्रेत सिव्हिलला पोचलेलं असतं, माहेरची माणसं इंडीहून नाहीतर अक्कलकोटहून मिळेल त्या गाडीनं निघालेली असतात, आणि इकडे अशोक चौकातल्या टपरीपासून विजापूर रोडच्या सोसायट्यांपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो: नवऱ्यानं का मारलं असेल? त्यानंच मारलं का, हे कुणी विचारत नाही. ते ठरल्यासारखंच असतं. ती गेलं वर्षभर कशी जगत होती, हेही कुणी विचारत नाही. फक्त कारण हवं असतं, आणि कारणांना तोटा नसतो. तिचं बाहेर काहीतरी होतं. त्याचं बाहेर काहीतरी होतं. ती सारखी मोबाईलवर असायची. सासूशी पटत नव्हतं. कर्ज झालं होतं. मूल होत नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "काहीतरी असल्याशिवाय उगीच कोण मारतंय बे?" आणि यावर कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना ते पटलेलं असतं.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. वरवर ते साधं वाटतं, पण त्यात मेलेल्या बाईवर एक आरोप आहे: तिनं काहीतरी केलं असणार. आणि मारणाऱ्यासाठी एक सवलत आहे: त्याला काहीतरी झालं असणार. संशय होता, राग अनावर झाला, दारू चढली होती, असं काहीही सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात खून थोडा समजण्याजोगा होतो. नवरा निर्दोष असेल तर हीच चर्चा त्याच्या गळ्याला फास लावते, आणि दोषी असेल तर त्याच्या बचावाची तयारी करून देते. दोन्हीकडून नुकसानच आहे.

हे कारण येतं कुठून, ते नीट बघायला हवं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बहुतेकदा एकच मथळा असतो: चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून. त्या खोलीत दोन माणसं होती. त्यातलं एक आता बोलू शकत नाही. मग संशयाची गोष्ट सांगितली कुणी? ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्यानं, तीही पोलीस कोठडीत. पोलिसांनी ती पत्रकारांना सांगितली, पत्रकारांनी छापली, आपण वाचली, आणि संध्याकाळपर्यंत आरोपीचं म्हणणं ही त्या बाईबद्दलची माहिती होऊन बसली. कायदा मात्र या गोष्टीला दारातच अडवतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो आहे. त्या जबाबावरून हत्यार किंवा रक्ताचे कपडे सापडले तर तेवढ्यापुरता भाग धरला जातो, बाकीचा नाही. जे न्यायाधीशानं विचारात घ्यायचं नाही, ते सगळ्या शहराच्या तोंडी झालेलं असतं. आणि जिच्याविषयी ते बोललं गेलं, तिला उलट प्रश्न विचारायची संधी कधीच मिळणार नाही.

पोलिसांनी पत्रकारांना किती आणि काय सांगावं, याचे नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं माध्यमांनी स्वतःच चालवलेल्या खटल्यामुळे, म्हणजे मीडिया ट्रायलमुळे, न्यायाच्या कामात अडथळा येतो, असं स्पष्ट म्हटलं होतं. ते प्रकरण एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या बातम्यांचं होतं, आणि त्या बातम्यांत सगळा देश एका तरुणीच्या मागे लागला होता. म्हणजे न्यायालयांनी सांगायचं ते सांगून झालेलं आहे. आपल्याकडच्या पत्रकार परिषदेत मात्र "प्राथमिक तपासात असं समोर आलंय" एवढी प्रस्तावना करून आरोपीची कथा अजूनही बाहेर येते.

खटल्यात हेतू लागतोच, असाही एक समज आहे. हेतू कळला तर साखळीतली एक कडी मिळते, पण घटना पुराव्यानं सिद्ध होत असेल तर हेतू सापडला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. आणि कितीही जोरदार हेतू असला तरी तेवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही. नवराबायकोचं भांडण कुठल्या घरात नसतं? भांडण हा खुनाचा पुरावा धरला तर सोलापुरातल्या प्रत्येक वाड्यातला पुरुष संशयित ठरेल.

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या शेजारच्या पुण्यात मिळालेला आहे. १९८२ च्या जूनमध्ये तिथं एका नवविवाहितेचा विषानं मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती, त्यात तिचं दुःख होतं. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. सारडा खटला म्हणून तो आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो, कारण परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्यात एकत्र मांडलेली आहेत. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा, सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवत असावेत, दुसरी कुठलीही शक्यता उरू नये. याच निकालात आधीच्या एका निकालातलं वचन पुन्हा आलं आहे, तेही महाराष्ट्रातल्याच खटल्याचं: 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' यांच्यात लांबचं अंतर आहे. मला हा निकाल मान्य करताना आजही त्रास होतो. त्या मुलीची पत्रं वाचल्यावर कुणालाही होईल. पण तिच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांनी, म्हणजे आपणही, हे मान्य करायला हवं की कोर्टात संताप पुरावा म्हणून मांडता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घराच्या आत, दार लावून झालेल्या खुनाचा साक्षीदार कुठून आणायचा? २००६ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं. बायकोचा घरात खून झाला आणि नवरा तेव्हा घरात होता एवढं सरकार पक्षानं दाखवलं, तर काय घडलं याचा खुलासा नवऱ्यानं करायला हवा. तो गप्प राहिला किंवा खोटं बोलला, तर ते त्याच्याविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते. म्हणजे कायदा नवऱ्याला विचारतो, 'रात्री तू कुठं होतास, तिला काय झालं, तू डॉक्टरकडे का नेलं नाहीस?' त्याला तिच्यावर संशय होता का, हा प्रश्न फार मागे येतो. शहरानं मात्र नेमका तोच पुढे आणून ठेवलेला असतो.

परदेशातलं एक उदाहरण थोडक्यात. २०१० मध्ये लग्नानंतर फिरायला गेलेल्या एका नववधूचा केपटाउनमध्ये खून झाला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी चार वर्षं तिच्या नवऱ्याच्या खासगी आयुष्यात हेतू शोधला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी सरकार पक्षाच्या साक्षी विसंगतींनी भरलेल्या आहेत म्हणून बचावाची बाजू ऐकण्याआधीच नवऱ्यावरचा खटला निकालात काढला. तिच्या आईवडिलांना त्या रात्री नेमकं काय झालं याचं उत्तर मिळालंच नाही.

आता आपल्या गल्लीत येऊ, कारण माझा खरा राग इथं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली घरं कशी आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. एका भिंतीला दुसरी भिंत लागून, मध्ये बोळ, कुठं घरातच दोन माग. माग बंद झाले की शेजारच्या घरातलं भांडंही वाजलेलं ऐकू येतं. गिरण्यांच्या काळातल्या चाळीत तेच, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत तेच. बाई दुपारी विड्या वळायला बसते तेव्हा तिच्या मनगटावरचा वळ शेजारणीला दिसतो. विड्या द्यायला कारखान्यात जाताना रस्त्यात ती काय बोलली, ते चौघींना ठाऊक असतं. दोन महिन्यांपूर्वी ती बाळाला घेऊन रात्री अकराला दाराबाहेर बसली होती, हे अख्ख्या बोळानं पाहिलेलं असतं. ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. हुंडाबळीच्या कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या ३०४ ब आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० खाली, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यापायी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर छळणाऱ्या सासरच्यांनीच हुंडाबळी घेतला असं कोर्टाला गृहीत धरावंच लागतं. ते 'थोडं आधी' सिद्ध कसं होणार? शेजारणीच्या तोंडूनच.

आणि शेजारीण काय करते? टपरीवर, नळावर, लग्नाच्या पंगतीत सगळं सांगते. पोलीस आले की म्हणते, आम्ही गावाला गेलो होतो. पंच म्हणून सही करायला माणूस मिळत नाही. पोलिसांना जबाब दिलाच, तर दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा कोर्टात "मला काही आठवत नाही" म्हणून ती फितूर होते. मी एकट्या शेजारणीला दोष देत नाही. सासरचे लोक त्याच बोळात राहतात, नळ एकच, पाण्याची पाळी एकच. रोजचा पगार बुडवून कोर्टात बसायचं आणि तारीख पुढे गेली म्हणून परत यायचं, हे विडी कामगार बाईला परवडणारं नाही. साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंजूर केली आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं. पण कागदावरची योजना तिच्या बोळात पोचलेली नाही. या भीतीवर बोलायला हवं. ती भीती न बोलता आपण तर्क लढवत बसतो, आणि तर्क लढवताना जे पाहिलं ते आणि जे ऐकलं ते एकमेकांत मिसळून जातं. मग सरकारी वकिलानं विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलं?" की बाई गोंधळते. तिनं खरंच पाहिलेलं असतं, पण त्यावर आठ दिवस गल्लीत झालेल्या चर्चेचे थर बसलेले असतात. बचावाच्या वकिलाला एवढंच पुरतं.

सोलापुरात यात भाषेचीही एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. इथल्या कितीतरी सुना कर्नाटकातून आणि तेलंगणातून येतात. मुलगी आईशी फोनवर बोलते ती कन्नडमध्ये किंवा तेलुगूत. "अव्वा, मला इथं राहायचं नाही," हे ती मराठीत म्हणालेली नसते. तिच्या बापाचा जबाब मात्र मराठीत लिहिला जातो, घाईत, पोलीस ठाण्यातल्या कुणीतरी समजावून सांगितल्याप्रमाणे. बापाला ते वाचता येत नाही. कोर्टात त्याला त्यातलं एक वाक्य दाखवलं जातं आणि तो म्हणतो, असं मी बोललो नव्हतो. त्याचं खरं असतं. मुलीच्या आईवडिलांचा जबाब त्यांच्या भाषेत, जाणकार दुभाष्यासमोर आणि आवाज मुद्रित करून घेतला जावा, ही मागणी या शहरानं केव्हाच करायला हवी होती. 'का मारलं' यावर जितका वेळ गेला, त्याच्या दहाव्या हिश्श्यात ती झाली असती.

खरं तर मेलेल्या बाईचं म्हणणं कायदा ऐकतो. स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या परिस्थितीतून तो मृत्यू आला तिच्याविषयी ती जे बोलली, लिहिलं, ते साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली पुराव्यात येऊ शकतं. बहिणीला पाठवलेला आवाजी निरोप, व्हॉट्सॲपवरचे चार शब्द, वहीच्या मागच्या पानावरची ओळ. पण त्यासाठी तो फोन जसाच्या तसा पोलिसांच्या ताब्यात जायला हवा, पंचनामा होऊन, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासह. होतं काय, तर भाऊ रडत रडत स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ते शहरभर जातात, आणि तेवढ्यात कुणीतरी घाबरून मूळ संभाषण पुसून टाकतं. तिचा एकमेव शब्द आपल्या कुतूहलात संपतो.

मुलांविषयीही सांगायला हवं. आई गेली, बाप तुरुंगात, आणि सहा वर्षांचं पोर आजोबांकडे. नाहीतर चुलत्याकडे, जिथं जागा होईल तिथं. ते पोर शाळेत जातं. वर्गातल्या मुलांनी घरी ऐकलेलं असतं की त्याची आई तसली होती. हे पोर कुणाला विचारणार? उद्या बापाची निर्दोष सुटका झाली किंवा त्याला जन्मठेप झाली तरी आईबद्दलचं ते वाक्य कुठल्याच निकालानं पुसलं जात नाही, कारण तो मुद्दा कोर्टात आलेलाच नसतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो वजनदार आहे. लोक बोलले नसते तर कायदे आले असते का? नाही आले असते. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून बायका रस्त्यावर उतरल्या, स्टो भडकून मेलेल्या सुनांची नावं मोर्च्यांत घेतली गेली, म्हणून १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र हलला, म्हणून तपासाला वेग आला. बोलण्याशिवाय पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होऊन कितीतरी प्रकरणं मिटली असती, आजही मिटतात. म्हणून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. पण त्या बायका मोर्च्यात काय मागत होत्या, ते आठवावं. चौकशी करा, शवविच्छेदन करा, माहेरच्यांचा जबाब घ्या, ही प्रकरणं दाबू नका. नवऱ्याचं मन कसं होतं याची कथा त्या रचत नव्हत्या. आजच्या चर्चेत मागणी उरलेली नाही, फक्त कथा उरली आहे.

आणि त्या कथेत आपली एक सोयही आहे. खुनाला काहीतरी खास कारण सापडलं की खून त्या घरापुरता उरतो. अमुक पेठेतले, तमुक समाजातले, लव्ह मॅरेज होतं, नवरा दारुडा होता. आपल्या घरी तसं काही नाही, म्हणून आपण सुटलो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २९ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हे सांगणाऱ्यांचं प्रमाण आहे. न सांगणाऱ्या वेगळ्या. या बायका एका पेठेत राहत नाहीत. हुंडाबळींची नोंद देशात वर्षाला सहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त होते. इतक्या मृत्यूंना इतकी खास कारणं असू शकत नाहीत. कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं: ती घरात मार खाते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते चालतं असं तिच्या नवऱ्यालाही माहीत होतं.

ती जिवंत असताना बोलायची सोयही कायद्यात आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कुणीही, अगदी अनोळखी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला हिंसेची माहिती देऊ शकतो, आणि सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दावा लावता येत नाही. ११२ वर फोन करता येतो, १८१ वर करता येतो. बाई रात्री अकराला दाराबाहेर बसलेली दिसली तेव्हा हा फोन करायचा होता. खून झाल्यावर सुचणारी शंभर कारणं त्या एका फोनच्या जागी येत नाहीत.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. सोलापूर पोलीस आयुक्तालयानं आणि ग्रामीण पोलिसांनी पत्नीच्या खुनाच्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत हेतूबद्दल पत्रकारांशी बोलू नये. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ते ९० दिवसांत दाखल व्हावंच लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. एवढे दिवस थांबता येईल. ज्या शेजाऱ्यांनी काही पाहिलं आहे त्यांचे जबाब पहिल्या आठवड्यातच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावेत, म्हणजे पुढे गल्लीतल्या दबावानं ते फिरणार नाहीत. आणि इथल्या संपादकांनी त्या दिवशीच्या बातमीत एवढंच छापावं: बाईचं वय, मृत्यू कुठे आणि कसा झाला, लग्नाला किती वर्षं झाली होती, तिनं आधी कुठं तक्रार केली होती का, केली असेल तर तिचं पुढे काय झालं, आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे होती.